गळलेलं शिंग, चुकलेला शब्द

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे. जात लॅब्राडोर, रंग काळाभोर, म्हणून नाव मिरी. आता तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेत आणि जिना चढताना मागचे पाय कुरकुरतात. उत्तर कॅरोलायनातल्या कॅरी गावात, राजीवकाका आणि नंदाकाकूंच्या घरी माझं सगळं आयुष्य गेलं. मी एकच काम शिकले, हरणांची गळून पडलेली शिंगं शोधून आणण्याचं. तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं. पण खरं सांगते, त्या कामापायी मी जितकी गोंधळले, तितकं क्वचितच कुणी गोंधळलं असेल.

राजीवकाका औषधांच्या कंपनीतून निवृत्त झाले आणि रोज सकाळी रानवाटेने फिरायला लागले. एक दिवस त्यांना पाचोळ्यात हरणाचं शिंग सापडलं. नराची शिंगं हिवाळा संपता संपता गळून पडतात आणि नंतर नवी फुटतात, हे त्यांनी वाचलं आणि त्यांना नादच लागला. त्यांची मुलगी इशिता जंगलखात्यात नोकरी करते. ती म्हणाली, "बाबा, लोक यासाठी डॉग ट्रेन करतात." आणि जूनमध्ये ती मला टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. मी आठ आठवड्यांची होते.

माझं शिक्षण बैठकीच्या खोलीत सुरू झालं. खऱ्या शिंगाचं टोक माझ्या टाळूला बोचू नये, म्हणून आधी रबरी शिंग होतं. ते आणून दिलं की पनीरचा तुकडा मिळे. पुढे खरं शिंग आलं, टोकं कानशीने घासून बोथट केलेलं. काका ते सोफ्यामागे लपवत, मग अंगणातल्या गवतात, मग पाचोळ्यात. हात लावताना काकूंचे भांडी घासायचे पिवळे हातमोजे घालत, कारण हाताचा वास लागला असता तर मी शिंग सोडून माणसालाच शोधायला शिकले असते.

मला मात्र काही समजत नसे. शिंग चघळायला गेले की "नाही" ऐकू येई. मग ते आणायचं तरी कशाला? संध्याकाळी कुंपणापाशी हरणं येत. त्यांच्या मागे धावले की पट्टा ओढला जाई. ज्याच्या डोक्यावर ते असतं त्याच्याकडे बघायचंही नाही आणि ते मात्र घेऊन यायचं, हा कसला खेळ? शिवाय प्रत्येकाचा शब्द वेगळा. काका म्हणत "शोध", इशिता म्हणे "फाइंड इट" आणि काकू स्वयंपाकघरातून म्हणत, "अगं आण की लवकर, त्यांना जेवायचंय." मी तिघांकडे आळीपाळीने बघत उभी राही. शेवटी मी ठरवलं की काकांचं ऐकायचं. "शोध" म्हणताना त्यांचा आवाज शेवटी किंचित वर जाई आणि हात पुढे होई. तेवढं मला पुरत असे.

डिसेंबरातल्या एका सकाळी काका पिवळे हातमोजे घालत होते. डावा गेला, उजवा जाईना. बोटं वळेनात. मोजा खाली पडला. मला वाटलं, नवा खेळ आहे. मी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. तो परत पडला. मी परत ठेवला. असं चार वेळा झालं. मग काकूंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि फोनकडे धावल्या. गाडी आली, अनोळखी माणसं आली आणि काकांना घेऊन गेली. मोजा माझ्या तोंडातच राहिला.

मेंदूतल्या एका नसेत गुठळी अडकली होती, हे मी नंतर बोलण्यातून ऐकलं. काका सहा आठवड्यांनी घरी आले. चाल त्यांची नव्हती आणि अंगाला दवाखान्यातल्या साबणाचा वास होता. पण कानामागे खरा वास सापडला, तेव्हा मला राहवलं नाही. मी उडी मारली. ते वॉकरसकट कलंडले. इशिताने सावरलं म्हणून वाचले.

त्या दिवसापासून सगळे मला एकच सांगू लागले. थांब. बस. लांब हो.

काकांचे शब्दही घरी येताना कुठेतरी गळून पडले होते. पाणी हवं असलं की ते "चावी" म्हणत. काकूंना "खुर्ची" म्हणून हाक मारत आणि चूक लक्षात आली की डोळे मिटून घेत. काकू पुन्हा पुन्हा समजावत, "अहो, पाणी. म्हणा, पाणी." थेरपिस्ट बाई येऊन चित्रं दाखवत. त्याही चुकलं की सुधारत. काका दिवसेंदिवस गप्प होऊ लागले. त्या घरात काय चाललंय हे न समजणारे आम्ही दोघंच होतो असं मला वाटे, काका आणि मी.

फेब्रुवारीत मी काकूंना फोनवर बोलताना ऐकलं. माझं नाव दोनदा आलं. फोन ठेवून त्या इशिताला म्हणाल्या, "वेक फॉरेस्ट गावातली एक फॅमिली आहे. दोन मुलं आहेत, मोठं यार्ड आहे. रविवारी येऊन बघणार आहेत तिला."

"आई, बाबांना विचारलंस?"

"काय विचारू? त्यांना उत्तर देता येतं का? ते परत पडले तर मी एकटी कशी उचलणार, सांग ना."

 इशिता म्हणाली, "मग सॅटर्डेला एकदा मिस्टर हॉबगुडच्या फार्मवर जाऊ. त्यांचा कॉल आला होता, शिंगं पडायला लागलीत म्हणे. बाबांना तेवढी ड्राइव्ह होईल. लास्ट टाइम."

हॉबगुड हे एक म्हातारे शेतकरी. तासाभराच्या अंतरावर त्यांचं सोयाबीनचं शेत होतं, त्याला लागून पाइनची झाडी. शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी बांधावर काकांसाठी घडीची खुर्ची मांडली होती. काकांच्या गुडघ्यांवर शाल घातली गेली. इशिताने माझा पट्टा सोडला आणि म्हणाली, "मिरी, फाइंड इट."

मी काकांकडे पाहिलं.

"शोध," काकू म्हणाल्या. "अगं, शोध ना."

शब्द बरोबर होता, पण आवाज वर गेला नव्हता आणि हात पुढे झाला नव्हता. शिवाय काका घरी आल्यापासून मला थांबच सांगितलं होतं. मी काकांच्या पायाशी बसून राहिले. हॉबगुड हळूच म्हणाले की तिला बहुतेक विसर पडला असावा. काकूंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग काकांनी तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली. बराच वेळ काहीच आलं नाही. आणि मग ते म्हणाले, "चहा."

काकू लगेच थर्मासकडे वळल्या. काकांनी जोराने मान हलवली. "चहा," ते पुन्हा म्हणाले. आवाज शेवटी किंचित वर गेला. डावा हात शालीतून बाहेर आला आणि पाइनच्या झाडीकडे वळला. "मिरी, चहा."

तो शब्द मला कळला नाही. पण बाकी सगळं कळलं. मी सुटले.

ओल्या मातीचा, सशाच्या लेंड्यांचा, कुजलेल्या शेंगांचा वास मागे पडला. तारेच्या कुंपणापाशी वाऱ्याबरोबर तो वास आला, हाडाचा, थोडासा हरणाच्या केसांचा. हरणं जिथून तार ओलांडतात तिथे काटेरी वेलीखाली ते पडलं होतं. जड होतं, चार टोकांचं. नाक ओरबाडलं, पण ओढून काढलं आणि धावत आणलं. या वेळी उडी मारली नाही. काकांच्या डाव्या हातात ते अलगद ठेवलं.

काका हसले. अर्धाच चेहरा हसला, पण हसला. त्यांनी पुन्हा झाडीकडे बोट केलं. "चहा." दुसऱ्या खेपेला मी गाईचं हाड आणलं आणि ते मोठ्याने हसले. दोन महिन्यांत घरात कुणी तसं हसलेलं मी ऐकलं नव्हतं.

 घरी आल्यावर काकूंनी फोन केला आणि रविवारचं येणं कॅन्सल केलं. इशिता त्यांच्याकडे बघत राहिली, तेव्हा त्या म्हणाल्या, "आपण दिवसभर त्यांना सुधारतच असतो गं. तिने सुधारलं नाही. सरळ कामाला लागली."

मग एक नवाच घोळ झाला. मराठी घरात तो शब्द दिवसातून किती वेळा निघतो, तुम्हाला ठाऊकच आहे. काकू पाहुण्यांना "चहा टाकू का?" म्हणाल्या की मी उठून सोफ्यामागे हुंगायला लागे. काकूंनी मला दटावलं नाही. त्यांनी स्वतःचा शब्द बदलला. "घोटभर घेणार ना?" असं त्या विचारू लागल्या. येणाऱ्या प्रत्येकाला दारातच बजावत, "आमच्याकडे तो शब्द उच्चारायचा नाही हं, मिरी कामाला लागते." अजूनही आमच्या घरात तसंच बोलतात.

हळूहळू काकांचे बरेच शब्द परत आले. काही आलेच नाहीत. दर फेब्रुवारीत आम्ही शेतावर जात असू. मी बारा हंगाम केले. शेवटच्या हंगामात मला एकही शिंग मिळालं नाही, तरी पनीर मिळालं. आता काका वाचत बसतात आणि मी त्यांच्या खुर्चीखाली पडून असते. फिरायला कमी नेतात, कधी माझं दुपारचं औषध द्यायचं विसरतात. त्याचा मला राग नाही.

एक मागणं मात्र आहे, मित्रांनो. तुमच्या घरी एखादं मुकं जनावर गोंधळून उभं राहिलं, तर त्याला मठ्ठ म्हणू नका. आपण काय सांगितलं आणि कसं सांगितलं, ते एकदा आठवून बघा. आणि एखादं माणूस बोलता बोलता अडलं, भलताच शब्द बोलून गेलं, तर घाईने त्याचं वाक्य पुरं करू नका. जवळ बसा. त्याचा हात कुठे वळतोय, ते बघा. मग उठा आणि त्या दिशेला जा.