भर उन्हात जाणारी वीज

नेल्डाच्या राहत्या ट्रेलरमधली वीज जायची ती भर दुपारी. रात्री गेली असती तर तिने मनाची समजूत घातली असती. पण क्वार्ट्झसाइट गावाबाहेरच्या वाळवंटी माळावर लख्ख ऊन पडलेलं, छतावरची सोलर पॅनेलं तापून निघालेली आणि अशा वेळी मधूनच फ्रिज बंद पडायचा, याला काय म्हणावं? जुन्या, जड बॅटऱ्या काढून तिने हौसेने लिथियमच्या नव्या घेतल्या होत्या, स्वतःच्या हाताने बसवल्या होत्या. दुकानदार फोनवर म्हणाला, "मॅडम, बॅटरीत काही खोट नाही."

शेवटी तिने ब्रेंटला फोन लावला.

ब्रेंट तिचा जावई. म्हणजे, एकेकाळचा. नेल्डाची मुलगी टॉनिया त्याच्यापासून वेगळी झाली, डेन्व्हरला गेली, तिने तिथे दुसरा संसार थाटला. हा मात्र इकडे जवळच, युमालाच राहिला, लेट्यूसच्या शेतांवरचे पंप दुरुस्त करत, एकटा. आता कुठल्या नात्याने हाक मारायची, या विचारात नेल्डाने कितीदा तरी फोन उचलून खाली ठेवला होता. पण तो एवढंच म्हणाला, "शनिवारी येतो."

आला तो खजुरांचं खोकं घेऊन. अंगाने वाळला होता. पूर्वी तिला 'मॉम' म्हणायचा. आता वाक्यंच अशी जुळवायचा की हाक मारायची वेळच येऊ नये.

पलंगाखालचं झाकण उघडून त्याने चार्जरचा छोटा पडदा पाहिला आणि हसलाच. "बॅटऱ्या बदलल्या, पण चार्जरला कुणी सांगितलंय? तो अजून जुन्यांनाच भरवतोय."

"मग सांग की त्याला." लगेच तिने त्याचा हात धरला. "थांब. मला शिकव, मी करते. दर वेळी तुला कुठल्या तोंडाने बोलावू?"

ब्रेंटने वायरी बाजूला सारून तिला पडद्यापुढे जागा करून दिली.

"हे बघा," तो म्हणाला. "आधी चार्जर उन्हातून मिळेल तेवढा करंट आत ढकलतो. व्होल्टेज चढत जातं. ठरवलेल्या आकड्याला पोचलं की दुसरा टप्पा. आता व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं, करंट आपोआप कमी होत जातो. जुन्या बॅटरीला त्यात तासन्‌तास लागायचे. हिचं थोडक्यात भागतं."

"पोट भरलं की ताट सरकवते."

"अगदी. मग तिसरा टप्पा, फ्लोट. जुनी नुसती पडून राहिली तरी उतरायची, म्हणून तिला सारखं थोडं थोडं पाजावं लागे. हिला तशी गरज नाही. उलट कायम काठोकाठ भरून ठेवली तर लवकर म्हातारी होते."

"म्हातारपणाचं मला नको सांगूस. वीज का जाते ते सांग."

"हा बघा चोर. इक्वलाइझ. जुन्या बॅटरीला अधूनमधून मुद्दाम जास्तीचं व्होल्टेज देऊन आतून खळखळवायचं असतं. साडेपंधरा व्होल्टपर्यंत. लिथियमच्या पोटात एक पहारेकरी सर्किट बसलेलं असतं. पंधराच्या आसपास व्होल्टेज दिसलं की तुमचा पहारेकरी दोन्ही बाजूंनी दार लावून घेतो. आत येणं बंद, बाहेर जाणं बंद."

"आणि व्होल्टेज चढतं दुपारी!" नेल्डा ओरडलीच. "म्हणून दुपारी!"

तिनेच बटणं दाबली. वरचा आकडा चौदा पॉइंट चार, फ्लोट साडेतेरा, इक्वलाइझ बंद. मग बॅटरीवरचा एक नट सैल दिसला म्हणून तिने पाना घातला, तो निसटून बॅटरीच्या दुसऱ्या टोकाकडे वळला; दोन्ही टोकांना टेकला असता तर ठिणग्यांचा भडकाच उडाला असता.

"मॉम! हात मागे!"

पाना खाली पडला. ब्रेंटचे कान लाल झाले, आणि नेल्डाला अचानक कॉफी ठेवायची आठवण झाली.

पुढच्या आठवड्यात थंड वारा सुटला. दुपारपर्यंतही बोटं गारठलेली, आणि ऊन असूनही फ्रिज पुन्हा गप्प! नेल्डाने फोन हातात घेतला. मग बाजूला ठेवला. सगळं पुन्हा सुरू करून ती पलंगापाशी मांडी घालून बसली आणि पडद्यावर नजर लावली. आकडा चढत चढत पावणेपंधराच्याही वर निघाला. आपण तर चौदा पॉइंट चार घातला होता! मग वर कोण ढकलतंय? तिने एकेक पान उलटावं तशी एकेक सेटिंग उघडली, तेव्हा तापमानाची सापडली. थंडी पडली की जुन्या बॅटरीला थोडं जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून चार्जर आपल्या मनाने वाढवत होता. तिने तिथे शून्य घातलं. आकडा चौदा पॉइंट चारवर येऊन थांबला, फ्रिज घुमत राहिला. नेल्डाने एकटीनेच टाळी वाजवली.

मग फोन केला. "ब्रेंट, पुन्हा बिघडलं होतं."

"निघतो."

"अरे ऐक तर! मी नीट केलं." तिने सगळं सांगितलं.

"चला," तो हसत म्हणाला, पण हसू काही जमलं नाही. "म्हणजे आता माझी गरज संपली."

"गाढवा, रविवारी जेवायला ये. राजम्याची चिली करतेय. काही बिघडलेलं नाही, तरी ये."

"टॉनियाला चालेल?"

"तिला विचारलं. म्हणाली, तुझा ट्रेलर, तुझी चिली, मला काय विचारतेस?"

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, हत्यारांची पेटी न घेता. दोनदा वाढून घेतलं त्याने. संध्याकाळी दोघं बाहेर खुर्च्या टाकून बसली, आणि टॉनियाचं लहानपण, त्याच्या शेतांवरचे मुकादम, असं काहीबाही बोलत राहिली. त्या हिवाळ्यात तो बरेच रविवार येत राहिला.