तुरळक ठिकाणी

हवामान खात्याला फोन लावून उतरवून घेतलेला अंदाज नलिनीने नकला काढायच्या मेणकागदी स्टेन्सिलवर जसाच्या तसा टाइप केला होता. ‘अंदमान-निकोबार बेटांवर येत्या आठवड्यात हवा अतिशय उष्ण व दमट राहील. तुरळक ठिकाणी अतिवृष्टी होऊन बहुतेक ठिकाणी गडगडाटासह पाऊस पडेल. सोसाट्याचा वारा सुटून समुद्र खवळलेला राहील.’ सहलीला निघालेल्या मंडळींना वाटायच्या पत्रकात हा मजकूर अगदी तळाशी, ‘सोबत काय आणावे’च्या खाली जायचा होता.

चंद्रप्रकाशने स्टेन्सिल उजेडाकडे धरली. सहलींची कंपनी त्याची. नलिनी त्याची एकुलती एक कारकून. मुलुंडच्या त्या दीड खोलीच्या कचेरीत मे महिन्याची दुपार कोंडून पडली होती. त्याच्या मानेवरच्या पावडरीचा, तोंडातल्या पानाचा आणि डुप्लिकेटरच्या शाईचा मिळून तिथे एक वास तयार होई, आणि तो थेट नलिनीच्या डब्यातल्या भातापर्यंत पोचे.

“अगो, ह्यां काय लिवलंस? लोक सहलीक चल्लेत की लढाईक?”

“त्यांनी सांगितलं तेच आहे, साहेब.”

“त्यांना सांगायला काय जातं? त्यांना थोडीच बोट भरायची आहे!”

त्याने चुका बुजवायच्या लाल करेक्शनची बाटली उघडली आणि गणपतीचे डोळे रंगवावेत इतक्या हळुवारपणे एकेका शब्दावर ब्रश फिरवू लागला. फिरवताना त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येत होती. पानाने रंगलेली, ओली. नलिनीने नजर खिडकीकडे वळवली. ब्रश थांबला तेव्हा लाल लेपांच्या मधून एवढेच वाचता येत होते : ‘हवा उष्ण राहील. तुरळक पाऊस पडेल.’

“बघ, एक तरी शब्द माझ्या पदरचा आहे? सगळे त्यांचेच. आता मधल्या फटी बऱ्या दिसत नाहीत. नवीन स्टेन्सिल काप.”

शब्द खरोखरच त्यांचेच होते. फक्त खात्याच्या भाषेत ‘तुरळक’ हे ठिकाणांबद्दल म्हटलेले होते, आणि आता ते पावसाला जाऊन चिकटले होते. असे शब्द चोरायला निदान भाषेची जाण लागते. ती ह्या माणसात असावी, याचीच नलिनीला जास्त किळस आली. तरी तिने नवी स्टेन्सिल कापली. वडिलांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती, आणि घरात सकाळी बाहेर पडणारे माणूस ती एकटीच होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सहलकऱ्यांचा मेळावा भरवायची कंपनीची पद्धत होती. जवळच्याच एका शाळेचा हॉल, दारात गुलाबपाणी, प्रत्येकाला पिवळी पिशवी आणि बटाटेवडा. मद्रासपर्यंत रेल्वे, तिथून पुढे बोट. त्यामुळे बहुतेकांच्या बोलण्यात बोटच होती. पंखे गरम हवाच फिरवून फिरवून परत देत होते. वड्यांचे तेल दुसऱ्यांदा तापवलेले असावे. तो जळका वास, गुलाबपाणी आणि घाम यांचा एक चिकट थर नलिनीच्या टाळूवर बसला होता. माणसे हसत होती, पत्रकाने वारा घेत होती. तिने छापलेली ती दोन वाक्ये शंभर तोंडांपुढे वरखाली हलत होती.

शेवटच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईने तिला खुणेने बोलावले. मानखुर्दच्या शांताबाई. शेजारी त्यांचे यजमान, भीमराज. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, नव्या पांढऱ्या सदऱ्यात ताठ बसलेले, गळ्यात वस्तीने घातलेला हार अजून तसाच.

“पोरी, ह्यात तुरळक लिवलंय,” शांताबाईंनी पत्रक पुढे केले. “म्हंजे भुरभुर ना? ह्यांना थंडीत अटॅक येऊन गेला. डॉक्टर म्हनला, दगदग हुऊ देऊ नका, बाकी कुटं बी फिरा.”

“तिला काय इचारती?” भीमराज पत्नीवर डाफरले. “छापलंय ना! छापलेलं कोन बदलतंय?” मग नलिनीकडे पाहून हसले. “आयुष्यभर डबे दुरुस्त केले, बाई. डबे गाव बघून आले, आपुन शेडमदीच. आता मातर समुद्र बघनार. वस्तीतली पोरं ठेसनापर्यंत वाजत-गाजत सोडनारेत.”

“हो” हा शब्द नलिनीच्या जिभेपर्यंत आला होता. तो तिला त्या जळक्या तेलासारखाच लागला.

“मावशी, आत्ता सांगते,” ती म्हणाली, आणि तेवढ्यात चंद्रप्रकाशने माइकवरून तिचे नाव पुकारले. पत्रक ती वाचणार होती. बाईमाणसाच्या आवाजात सूचना गोड लागतात, असे त्याचे म्हणणे असे.

तिने वाचायला सुरुवात केली. औषधे, टॉर्च, उलटीवरची गोळी, चादर. तळाशी आल्यावर तिने पत्रक खाली ठेवले. “हवामान छापताना अपुरं राहिलंय,” ती म्हणाली, आणि पाठ झालेला तो मूळ अंदाज तिने सावकाश, एकही शब्द न गाळता सांगितला. “तुरळक म्हणजे थोडा पाऊस नव्हे. काही जागी तो फार कोसळेल, आणि बाकी जवळजवळ सगळीकडे गडगडाटासह पडेल, असा अर्थ आहे. समुद्र खवळलेला असेल.”

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उखडले. “अहो बाई, निघायच्या वेळेला हे काय? शुभ बोला की जरा!”

“वाट लावली मूडची,” कुणीतरी मागून म्हणाले.

“मुलं घाबरतील ना,” एक बाई कुरकुरल्या. “सांगायचंच होतं तर हळू सांगायचं.”

नलिनीला वाटले होते, निदान प्रश्न विचारतील. त्यांना राग आला होता तो पत्रकाचा नव्हे, तिचा.

चंद्रप्रकाशचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, आणि लगेच त्यावर हसू पसरले, उतू गेलेल्या दुधासारखे. त्याने माइक हातात घेतला. “मंडळी, पाहिलंत? दुसरी कुठलीही कंपनी असती तर हे दडवून ठेवलं असतं. आमच्याकडे समुद्रसुद्धा काही लपवत नाही! आता सगळ्यांनी ऐकलं ना? मग छत्र्या घ्या, गोळ्या घ्या, आणि जबाबदारी ज्याची त्याची. काय?”

हशा झाला, मग टाळ्या. ‘जबाबदारी ज्याची त्याची’ हे शब्द टाळ्यांतच बुडून गेले. जबाबदारीतून जी सुटका त्याला खोट्याने मिळाली नसती ती आता खऱ्याने मिळाली होती. माइक ठेवून परत येताना तो नलिनीच्या कानाशी वाकला, आणि तो पानाचा ओला वास तिच्या गालावर आला.

“झकास झालं. आधी घाम फोडलास माझा. पण पुढच्या ट्रिपलाही असंच वाच.”

पदराने गाल पुसून नलिनी खुर्च्यांच्या मधून वाट काढत शेवटच्या रांगेपाशी गेली. भीमराजही टाळ्या वाजवत होते. शांताबाईंचे हात मात्र मांडीवरच होते; पण आजूबाजूच्या हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांनाही जरा धीर आल्यासारखा दिसत होता. मघाच्या त्या छापील, नेटक्या मराठीचा अर्थ इथे कुणापर्यंत पोचलाच नव्हता.

नलिनी खाली उकिडवी बसली. “मावशी, काकांना नेऊ नका. बोट इकडून तिकडे आपटेल. पोटात पाणीसुद्धा ठरणार नाही. छातीत दुखायला लागलं तर मधे उतरता येत नाही. समुद्रात ठेसन नसतं.”

“ए पोरी!” भीमराज कडाडले. आसपासच्या माना वळल्या. “तुजं काय जातंय गं? समदे चाललेत ना! मीच काय मेलेला हाय?”

“समद्यांना अटॅक आला हुता का?” शांताबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही पिवळ्या पिशव्या उचलून नलिनीच्या हातात दिल्या आणि नवऱ्याचा दंड धरला. “उटा.”

“हात सोड. लोक बघत्यात.”

“बघू द्या. उटा म्हंते ना.”

ते उठले, पण नलिनीकडे त्यांनी असे पाहिले, जणू तिने त्यांच्या घरात शिरून काहीतरी उचलून नेले असावे. आभार मानावेत असे तिच्यापाशी काही नव्हतेच; तिने एका माणसाचा समुद्र काढून घेतला होता, आणि तो खवळलेला असला तरी त्याला हवा होता.

ती त्यांच्यामागून दारापर्यंत गेली. बाहेर हवा इतकी दमट होती, की रस्त्यावरचे दिवे कुणी श्वास सोडलेल्या काचेआडून जळताहेत असे वाटत होते. फाटकापाशी भीमराजांनी हात झटकून सोडवून घेतला.

“आता वस्तीत तोंड काय दाखवू, सांग! हार घातला त्यांनी मला!”

“हाय तेच दाखवा,” शांताबाई म्हणाल्या. “जित्तं हाय ना!”

ते पुढे काहीतरी पुटपुटले, ते नलिनीला ऐकू आले नाही. दोघे भांडत भांडत बसस्टॉपच्या दिशेने चालू लागले. ते दोन पावले पुढे, त्या मागे, हात त्यांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर धरलेला.