चित्रगुप्ताच्या वहीतली चूक

"चित्रगुप्ता, पान उघड!"

श्रीलेखनाथ महाराजांनी डोळे मिटून आज्ञा केली आणि मुलुंड पूर्वेच्या शाळेतल्या सभागृहात चारशे माणसांनी श्वास रोखला. महाराजांच्या मांडीवर लाल कापडात गुंडाळलेली पोथी होती. बाविसावे कूपन पुकारले गेले. महाराजांनी पोथीत डोकावून एक श्लोक पुटपुटला आणि समोर वाकलेल्या बाईला थेट नावाने हाक मारली.

"सुनंदे! कणकवलीच्या लेकी!"

मग तिच्या कानाशी लागून ते काही बोलले. तिचे डोळे विस्फारले.

"दुखणं अगदी बरोबर सांगितलंत, महाराज! पण मी कुडाळची हो."

"या जन्मी!" महाराज गरजले. सभागृह शहारले.

तेविसावे कूपन कुंडलिक नावाच्या फिटरचे होते. तो कणकवलीचा, त्याला महाराजांनी कुडाळचा केला. चोविसावे धाकू गावकराचे. संपात गिरणी सुटल्यापासून हा म्हातारा एका सोसायटीत वॉचमन होता.

"तुझे पान अजून लिहिले गेलेले नाही," महाराज म्हणाले. "वाट पाहा."

"साठ वर्सां झाली, अजून लिवूक नाय?" धाकू म्हणाला. "चित्रगुप्त पण संपार गेलो काय?"

मागे कोणीतरी फिसकन हसले. तिसऱ्या रांगेत बसलेली जानकी मात्र हसली नाही. तिने शेजारी हात जोडून बसलेल्या आईकडे, रुक्मिणीबाईंकडे, पाहिले.

बारा दिवसांपूर्वी याच महाराजांनी रुक्मिणीबाईंच्या कानात सांगितले होते की तुझ्या डाव्या फुप्फुसावर डाग आहे, औषधाचा चौथा महिना चालू आहे, त्या गोळ्या सोड आणि अंगारा घे. डॉक्टरांनी क्षयावर नऊ महिन्यांचे उपचार सांगितले होते. गोळ्यांची पुडी त्या दिवसापासून देव्हाऱ्याखाली पडून होती, आणि परवापासून संध्याकाळचा ताप परत आला होता. जानकीने विनवण्या केल्या, भांडण केले. आईचा प्रश्न एकच होता आणि तो बिनतोड होता.

"ह्या दुखण्याची गजाल तुका नि माका सोडून कोणाक ठावक नाय. तू कोणाक सांगलंस?"

"नाही, आये."

"मगे तेका कोणी सांगल्यान?"

म्हणून भौतिकशास्त्राची प्रथम वर्गाची पदवी घेतलेली जानकी आज आईबरोबर सभेला आली होती. आता तिने हळूच विचारले, "आये, तुला गाव कुठलं सांगितलं होतं?"

"कणकवली. माझी आजी थंयचीच मां!"

रुक्मिणीबाईंचे गाव कुडाळ.

 जानकी एका ट्रस्टच्या इस्पितळात संगणकावर काम करी; आईचे उपचारही तिथेच चालू होते. तिथे रुग्णाच्या नोंदीत गावाचे नाव नसे, फक्त क्रमांक असे. कोणता क्रमांक कोणत्या गावाचा, हे दुसऱ्या तक्त्यात. तो तक्ता जानकीनेच टाइप केला होता आणि त्यात कुडाळ व कणकवली यांची अदलाबदल झाली होती. चूक तिला परवाच सापडली होती. दुरुस्ती राहून गेली होती, आणि लाजेने तिने ती कोणाला सांगितलीही नव्हती. म्हणजे ती चूक जगात एकाच यंत्रात होती. आणि आता महाराजांच्या मुखात.

मग तिला विद्याधर आठवला. शेजारच्या टर्मिनलवर बसणारा, रोज तिच्या डब्यातली भाजी हक्काने घेणारा.

"जानकी, वाट लागली यार!" तीन आठवड्यांपूर्वी तो म्हणाला होता. "रक्तदान शिबिराची चाळीस नावं पेशंटच्या यादीशी जोडायला गेलो, तर सोळा हजार ओळी आल्या!"

"पेशंट चारशे ना? अट विसरलास, शहाण्या. अट नसली की प्रत्येकाचं लग्न प्रत्येकाशी लागतं." नाव आणि पत्ता दोन्हींकडे जुळेल तेवढ्याच ओळी कशा काढायच्या, हे तिने त्याला तीन दुपारी बसून शिकवले होते. एसक्यूएल, म्हणजे संगणकातल्या याद्यांना प्रश्न विचारायची भाषा, तेव्हा इस्पितळात दोघांनाच येई; तिला चांगले, त्याला बेताचे. शेवटी तो म्हणाला होता, "गावाचा तक्तापण जोडून दे ना."

"रक्तदानाला गाव कशाला रे?"

"पत्रात गाव लिहिलं की आपुलकी वाटते गं."

तिला ते गोड वाटले होते.

जानकी उठून उभी राहिली. "महाराज, एक शंका आहे."

"शंका हे पाप आहे, बाळ."

"मग दोन विचारते." ती लोकांकडे वळली. "ज्यांना गाव चुकीचं सांगितलं गेलं त्यांनी हात वर करा."

अकरा हात वर आले. कुडाळच्या सगळ्यांना कणकवली, कणकवलीच्या सगळ्यांना कुडाळ. सातारा, चिपळूण, अलिबाग यांतले एकही चुकले नव्हते.

"मागचा जन्म काय फक्त दोनच गावांत होतो? आता दुसरं. ज्यांचं पान लिहिलेलं नाही, त्यांच्यापैकी कोणी आमच्या इस्पितळात केसपेपर काढलाय?"

"मिया?" धाकू म्हणाला. "जल्मात पायरी चडूक नाय." आणखी सातजणांनी नकारार्थी मान हलवली.

"कूपन घेताना आठवडाभर आधी तुम्ही नाव-पत्ता लिहून दिलात. ती एक यादी. इस्पितळाच्या नोंदी ही दुसरी. संगणक दोन्ही जुळवतो. जुळला त्याचं पान उघडतं. नाही जुळला त्याचं 'लिहिलेलं नाही'. गावांची चूक चित्रगुप्ताची नाही. ती माझी आहे. मी टाइप केली."

"नास्तिक आहे ही! बाहेर काढा!" महाराज ओरडले आणि दोन्ही हातांनी पोथी सावरू लागले. धाकूने पुढे होऊन लाल कापडाचे टोक ओढले. पोथी उघडी पडली आणि तिच्यातून रुंद, घडीघडीचा कागद जमिनीवर उलगडत गेला. त्याच्या दोन्ही कडांना भोकांची रांग होती. कोणत्याही पुराणाच्या पोथीला अशी भोके नसतात. संगणकाच्या प्रिंटरच्या कागदाला असतात.

सोमवारी विद्याधरने मान वर केली नाही. "मी कुणाला गोळ्या सोडायला सांगितलं नाही गं. महाराजांच्या लोकांनी कूपनांची यादी दिली, मी फक्त दोन याद्या जोडल्या."

"आणि मी तुला जोडायला शिकवलं," जानकी म्हणाली. वैद्यकीय अधिकाऱ्यांना दिलेल्या पत्रात तिने आधी त्याचे कृत्य लिहिले, खाली स्वतःची चूक. सही एकच होती.

 त्याच सकाळी घरी रुक्मिणीबाई एवढेच बोलल्या होत्या, "म्हणजे माझा दुखणा तुझ्या मशिनीन सांगल्यान?"

"हो, आये."

"देवान फसयला असता तर सोसला असता."

तरी त्या जानकीबरोबर इस्पितळात आल्या.

आपल्याविषयी सारे जाणणारा कोणी भेटला, तर तो किती बरोबर बोलला हे मोजत बसू नये. खरी माहिती दहा वाटांनी पोचू शकते. चूक मात्र बहुधा जिथून निघाली त्या दाराचा पत्ता घेऊन येते. तिचा माग काढावा. त्याला खर्च नाही. फक्त भर सभेत उभे राहावे लागते.

खिडकीवरच्या कारकुनाने नवा केसपेपर पुढे ओढला. "मूळ गाव?"

"कुडाळ," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि तो काय लिहितो ते वाकून अक्षर न् अक्षर पाहिले. मग विचारले, "आणि ह्या कोण कोण वाचतला?"

कारकून गोंधळून जानकीकडे पाहू लागला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता.