टाक्यात ओतलेलं पाणी

सग्वारो निवडुंगाची फळं काढायला लागण्याआधी काळ्या कड्यावरच्या कातळातल्या टाक्यातून घागरभर पाणी आणायचं, आणि ते काढण्याआधी घरून नेलेलं पाणी त्यात ओतायचं, ही इग्नासियाच्या माहेरची रीत. आधी द्यायचं, मग घ्यायचं. ते पाणी फळांच्या रसात मिसळल्यावरच पाऊस मागायचा.

यंदा टाक्यात नुसता चिखल होता. इग्नासिया आणि तिची भावजय डेल्फिना रोज पाठीवर कॅन घेऊन कडा चढत होत्या, तेव्हा कुठे वीतभर पाणी साठलं. आता घागर भरायची, तर टाक्याशी अभयारण्याचा अधिकारी हार्लन उभा. रानमेंढ्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात या दोघी दिसल्या होत्या.

"बाई, इथे बाहेरचं पाणी ओतायला बंदी आहे. मेंढ्यांना रोग होतील. ओतलेलं काढून न्या, नाहीतर परवाना रद्द. मग फळंही काढता येणार नाहीत."

इग्नासियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाहेरचं? माझी पणजी इथे पाणी भरायची, तेव्हा तुमच्या अभयारण्याचा पत्ता तरी होता का? आणि मेंढ्यांसाठी तुम्ही काय आणलंत?"

"टँकर मंजुरीत अडकलाय," हार्लन पुटपुटला. "नियम मी नाही केले, बाई."

"वन्सं, साहेबांना घोटभर पाणी द्या," डेल्फिना म्हणाली. "नियम सांगून घसा सुकलाय त्यांचा."

इग्नासियाला हसू आलं नाही. परवाना गेला तर फळं नाहीत, रस नाही, पाऊस कोणत्या तोंडाने मागायचा? तिने दातओठ खात कॅन टाक्यात बुडवला.

तो भरून वर काढताना तिला कड्याच्या कपारीत एक मेंढी दिसली. बरगड्या वर आलेल्या. माणसं कधी जातात याची वाट बघत होती. तिचं कोकरू खाली येऊन सांडलेल्या पाण्याने ओला झालेला दगड चाटत होतं.

इग्नासियाने सगळा कॅन पुन्हा टाक्यात उपडा केला.

"बाई, मला परवाना घ्यावा लागेल."

"घ्या की! तेवढंच जमतं तुम्हाला." तिने खिशातला परवाना काढून त्याच्या हातावर आपटला.

दोघी रिकामी घागर घेऊन कडा उतरू लागल्या. हार्लनही निघून गेल्यावर डेल्फिनाने मागे वळून पाहिलं आणि नणंदेचा हात धरून तिलाही थांबवलं. ज्यांच्या नावाने तिला हाकललं होतं, ती मेंढी आणि तिचं कोकरू टाक्यात तोंड घालून इग्नासियानेच ओतलेलं पाणी पीत होती.