रिकाम्या ठोकळ्यासाठी

संपादकांनी ‘रोजच्या कामातली श्रद्धा’ हे सदर माझ्या गळ्यात मारलं तेव्हा मी भरपूर कुरकुर केली. मी देवधर्म न करणारी बाई. “म्हणूनच तुम्ही लिहा,” ते म्हणाले, “डोळ्यांत पाणी आणून लिहिणारे मला ढिगाने मिळतील.” आता यावर काय बोलणार, कप्पाळ!

पहिला लेख एका बस ड्रायव्हरवर लिहिला. हा गडी सकाळी गाडी सुरू करण्याआधी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटायचा, मोजून दहा सेकंद. लेख बरा उतरला होता. पण मथळा डेस्कवरच्या कुणीतरी दिला, ‘स्टिअरिंग देवाच्या हाती!’, आणि मी तो न बघताच घरी गेले. चार दिवसांनी ड्रायव्हरचा फोन आला.

“बाई, लोक चढताना म्हणतात, डोळे उघडे ठेवा हो ड्रायव्हरसाहेब. आता मी घरूनच करून येतो. पण सीटवर बसून करायचो ते निराळं होतं.”

रागावला नाही बिचारा. रागावला असता तर मीही दोन शब्द बोलले असते आणि मोकळी झाले असते. तसं काही झालं नाही, आणि मला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

त्यामुळे दुसऱ्या लेखाला मी जरा धसका घेऊनच गेले. या वेळी होते एका इस्पितळाच्या लॅबमधले तंत्रज्ञ. पन्नाशीचे, बारीक अंगाचे. नव्या पोरांना काम शिकवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. पेशंटच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेला तुकडा मेणाच्या इवल्याशा ठोकळ्यात बसवायचा, यंत्राच्या पात्यावर त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे आणि काचपट्टीवर घेऊन डॉक्टरांकडे पाठवायचे, हे त्यांचं काम. कॅन्सर आहे की नाही, ते त्या काचपट्टीवरून डॉक्टर ठरवतात. ठोकळ्यावर नुसता नंबर असतो आणि फॉर्मवर नंबरासोबत पेशंटचं नाव. दोन्ही जुळवल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही, हा तिथला नियम. मास्तर नंबर जुळवायचे, नाव हळूच वाचायचे आणि क्षणभर डोळे मिटायचे. ओठ जरासे हलायचे. मग डोळे उघडून काप घ्यायचे.

“लिहा तुम्ही,” ते मला आधीच म्हणाले, “पण एवढं सांभाळा. उद्या कुणाला वाटलं, हा बाबा मंत्र टाकून रिपोर्ट बदलतो, किंवा डोळे मिटून पातं चालवतो, तर? रिपोर्टसाठी आमच्या खिडकीशी येणारा माणूस आधीच अर्धमेला झालेला असतो. त्याचा आमच्यावरचा भरवसा उडाला, तर मला या टेबलावरून उठवतील. आणि उठवायलाच हवं.”

मी शब्द दिला. बस ड्रायव्हरचं मात्र सांगितलं नाही. लाज वाटली.

सकाळभर स्टुलावर बसून मी त्यांचं काम पाहिलं. माझ्या जिभेला हाड नाही, म्हणून शेवटी विचारलंच, “मग मास्तर, तुमच्या प्रार्थनेने रिपोर्ट चांगले येतात का?”

ते हसले. “जो यायचा तोच येतो. वीस वर्षांत एकही बदलला नाही.”

“मग कशासाठी हो एवढा खटाटोप?”

“इथे आलं की माणसाचा नंबर होतो, बाई. वाटतं, त्याचं नाव एकदा कुणीतरी नीट घ्यावं. मी घेतो आणि वर कळवतो. पुढचं माझ्या हातात नाही.”

मी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. कुठेही खोचक शब्द सुचला नाही, हे माझ्या बाबतीत नवलच म्हणायचं.

आमचा फोटोवाला उगवला दुपारी. तिशीतला उत्साही प्राणी. पाच मिनिटांत शंभर फोटो काढतो, म्हणून ऑफिसात त्याचं नाव खटखट. तो आला तोवर दिवसाचे सगळे ठोकळे संपले होते. मास्तर पातं पुसत होते.

“कुठे उलथला होतास?” मी करवादले. फोटो नसेल तर अर्धं पान मिळणार नाही, हे संपादकांनी बजावलं होतं. तेवढ्यात मला टेबलाच्या कोपऱ्यात नुसत्या मेणाचा एक ठोकळा दिसला. नव्या पोरांच्या सरावासाठी ठेवलेला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मी बोलून गेले, “मास्तर, हा घ्या हातात आणि एकदा करून दाखवा ना. मिनिटभराचं काम.”

आम्ही सगळ्यांना असंच सांगतो. पुढारी पुन्हा हात हलवतात, खेळाडू पुन्हा कप उचलतात. कुणाला काही वाटत नाही.

मास्तरांनी ठोकळा उचलला, उलटसुलट केला. मग माझ्याकडे पाहून अगदी साधेपणाने विचारलं, “कोणासाठी करू?”

“अं?”

“यात कुणी नाही, बाई.”

काय मागून बसले होते मी! बस ड्रायव्हरचं मथळ्याने घालवलं, आणि यांचं मी स्वतःच्या तोंडाने घालवायला निघाले होते. “चुकलं हो माझं,” मी म्हटलं, “ठेवून द्या तो. फोटो नको.”

पण खटखट जागचा हलला नाही. “माझ्या आईसाठी करा,” तो म्हणाला. “उद्या तिचा तुकडा काढणार आहेत. इथेच येईल.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. रोज एका गाडीतून फिरतो आम्ही, आणि याने मला एका अक्षराने सांगितलं नव्हतं. मास्तरांनी ठोकळा खाली ठेवला. आईचं नाव विचारलं, त्याने सांगितलं. त्यांनी ते हळू उच्चारलं आणि डोळे मिटले. कॅमेरा खटखटच्या गळ्यात लोंबत होता. दोन्ही हात त्याने पाठीमागे धरले होते. इतका शांत मी त्याला कधी पाहिला नव्हता, आणि माझे डोळे भरून आले ते आलेच.

“बरी होईल ना?” त्याने विचारलं.

“ते मला सांगता येत नाही रे बाळा,” मास्तर म्हणाले. “काप मात्र चांगला घेईन.”

ऑफिसात संपादकांनी फोटो मागितला. “नाही मिळाला,” आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. त्यांनी अर्ध्याचं पाव पान केलं. करा म्हटलं! पण मथळा लागेपर्यंत मी डेस्कवरून हलले नाही. ‘प्रार्थनेची प्रयोगशाळा’ असं कुणीतरी सुचवलं, तर मी असं काही पाहिलं त्याच्याकडे की त्याने आपणहून खोडलं. ‘नंबरामागचं नाव’ एवढंच गेलं. ‘जो यायचा तोच येतो’ हे मास्तरांचं वाक्य मी पहिल्याच परिच्छेदात घातलं, कापाकापी झाली तरी राहावं म्हणून. पुढे मास्तरांचा फोन आला, की लोक खिडकीशी येऊन नाव जरा सावकाश सांगतात, बाकी सगळं ठीक आहे. सुटले एकदाची!

लेख छापून आला त्या दिवशी मात्र खटखटच्या आईचा रिपोर्ट अजून यायचा होता. गाडीत तो स्वतःहूनच म्हणाला, “काल सकाळी लॅबच्या दाराशी जाऊन उभा राहिलो, ताई. दाराला काच आहे. म्हटलं, आईचा नंबर लागला की कळेल. आता ओळख झालीये, तिच्यासाठी जरा जास्त थांबतील.”

“मग? थांबले?”

“कळलंच नाही. सगळ्यांना सारखाच वेळ देत होते. आईचा ठोकळा कुठला, काही पत्ता लागेना.” तो खिडकीबाहेर बघायला लागला. “चौतीस होते. मग मी प्रत्येकाच्या वेळी डोळे मिटले.”