आकुर्डीची माती

घोडे सांभाळणाऱ्या वजीर सईसाच्या घराण्यात एक रीत होती. शिंगरू जिथे जन्मेल तिथली चिमूटभर माती पुरचुंडीत बांधून त्याच्या गळ्यात घालायची आणि पहिली शर्यत धावेपर्यंत काढायची नाही. काढली तर दृष्ट लागते.

चमेलीच्या गळ्यातली माती काळी होती. १९५४च्या माघात तिच्या गाभण आईला पुण्याहून वजीरचे मालक दौलतराव यांच्या तळेगावच्या पागेत आणताना ट्रक आकुर्डीपाशी बंद पडला. घोडीला तिथेच कळा लागल्या आणि अंबूबाईच्या गोठ्यात, दोन म्हशींच्या मधोमध, चमेली जन्मली.

"घोडीची लेक अन् म्हशीच्या दारी," अंबूबाई तिला गोणपाटाने पुसत म्हणाली. "दुधाची आशा करू नगा आता."

दौलतरावांनी कागदावर मात्र जन्मगाव तळेगाव लिहिले. शर्यतीच्या धंद्यात घोड्याचे गाव सोयरिकीतल्या कुळासारखे विचारतात. नामांकित पागेतले म्हटले की हाडापेराची खात्री पटते. गोठ्यातल्या शिंगराला कोण विचारणार?

चमेली वाऱ्यासारखी निघाली. वजीरला एकच आस होती, तिला एकदा मैदानात धावताना पाहायची.

दीड वर्षाने मुंबईचे शेठ तिला पाहायला आले. सकाळीच दौलतराव म्हणाले, "वजीर, गळ्यातलं ते काढ आज."

"जी, मालक," वजीर म्हणाला. पण इतक्या नजरा पडणार त्याच दिवशी पुरचुंडी कशी काढायची? त्याने ती आयाळीखाली सारली.

शेठसोबत त्यांचा म्हातारा सईस युसुफ होता. त्याने चमेलीच्या मानेवरून हात फिरवला, बोट दोऱ्यात अडकले आणि दोरा तुटला. तांबड्या मुरमावर काळी माती सांडली.

युसुफ वाकून बघत राहिला. "वजीरभाई, ही जन्माच्या जागेची ना? आमच्यातही बांधतात. इथं तर सगळा मुरूम आहे."

वजीरने मान खाली घातली. सईस बाकी कशाबद्दलही खोटे बोलेल, त्या मातीबद्दल नाही.

"आकुर्डीची आहे," तो म्हणाला.

शेठ दौलतरावांकडे वळले. "गावच खोटं लिहिलंत, मग आईबाप तरी खरे कशावरून?"

बोभाटा सगळ्या पागांत झाला. पुन्हा कुणी तिला पाहायलाही आले नाही. वजीरची चाकरी गेली, आणि चमेली टांग्याला गेली.

दोन वर्षांनी पिंपरी स्टेशनबाहेर टांग्यांच्या रांगेत ती त्याला दिसली. खांद्यावर साजाचा घट्टा पडला होता. त्याने हात पुढे करताच तिने नाक तळव्यात खुपसले.

"ओळखीची का चाचा?" टांगेवाल्याने विचारले.

"कुठली आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"टांग्याच्या घोड्याला गाव कोण विचारतं, राव?"

वजीर तिच्या मोकळ्या गळ्यावरून हात फिरवत राहिला. "आकुर्डीची आहे ती," तो म्हणाला. पण तोवर सवारी चढली होती, आणि टांगेवाल्याने लगाम झटकला होता.