काचेवरचा तेलाचा डाग

मी नक्षीची काच बोलतेय. दूरदेशीची गोष्ट नाही, आपल्या संगमनेरातली. तिथं राहत होती मालनबाई, तिची लेक चांगुणा, आणि त्यांच्या सैपाकघराच्या दारात मी.

माझ्या अंगभर धुकं, धुक्यात कमळं. एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरबरीत. खरबरीत बाजू चुलीकडं करू नका, तेल लागलं की डाग पडतो, असं दुकानदारानं बजावलं होतं. गोरक्ष सुतारानं नेमकी तीच आत केली.

"बैठकीत पाव्हनं बसत्यात, काकू. त्यांच्याकडनं गुळगुळीत नगं व्हय?"

"तू आधी तुझं डोकं सुलटं बसव," मालनबाई म्हणाली. पण मी राहिले तशीच.

दुष्काळाच्या आदल्या साली पारनेरच्या गहिनीनाथचं स्थळ आलं. फोटो टोपीतला. शेजारीण म्हणाली, झोपतानाही टोपी काढत न्हाई म्हनं. चांगुणेला घोर लागला. बघायला आले की मान वर करायची नाही, आणि होकार त्याच दिवशी द्यायचा.

"आई, टोपीखाली काय हाय कुनाला ठावं?"

"डोकं असंल. तेवढं असलं तरी लई झालं."

पाहुणे बैठकीत टेकले. चांगुणा भजी तळत होती. तेलाचं बोट तिनं सहज माझ्यावर टेकवलं आणि काय सांगू, तेवढ्या जागचं धुकं विरलं. तिनं तिथं डोळा लावला.

कमळात डोळा बघून समोरचा गहिनीनाथ दचकला. म्हटलं, आता बोभाटा होणार. पण त्याचे चुलते चहाच्या बशीत फुंकर घालत होते, तेवढ्यात त्यानं हळूच टोपी काढली, मान लववली आणि भलंमोठं टक्कल माझ्याकडं केलं. मग वर बघून लाजून हसला.

चांगुणेनं तोंडात पदर कोंबला. भज्यांचा कोळसा झाला.

"अगं, ध्यान कुठं हाय तुझं?"

"मला पसंत हाय, आई."

"आनि टोपीखाली?"

"टक्कल. पन आपल्या हातानं दावलं त्यानं. आता आनखी काय लपवनार?"

लगीन झालं. पहिल्या दिवाळीला मालनबाई राख घेऊन माझा डाग घासायला बसली, तर जावई म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामी. तेवढ्याच जागंतनं आमचं जमलं."

मालनबाईनं राख चुलीत टाकली. अजून चांगुणा माहेरी आली की भज्याचं बोट तिथं टेकवते, आणि बैठकीतला टोपी काढतो.

बायांनो, मला खुशाल पुसा, तेवढा डाग सोडा. चांगुणेला जसं लग्नाआधी नीट दिसलं, तसं तुमच्याही लेकींना दिसो.